पशुपतीच्या दारातला निरोप

यंदाच्या कार्तिकात माझ्या नेमांत एका मेसेजची भर पडली. काकड्याहून परत यायचं, तुळशीपाशी दिवा लावायचा, शकुबाईला "दिवा लागला" असं लिहायचं आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. हा नेम कुठल्या पोथीतला नव्हता. शकूनंच तो घालून दिला होता. नेपाळला निघताना, जवळा बाजारच्या चौकात बसची वाट पाहत उभी असताना ती म्हणाली, "तू रोज मला दिवा लागल्याचं कळवत जाय. म्हंजे गाव जाग्यावर आहे असं मला वाटंल."

शकू माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच लग्नसराईत या गावात सुना म्हणून आलो. आता दोघींचेही केस पांढरे झाले. हट्ट्याच्या आणि वसमतच्या बायांची एक यात्रेची बस निघणार होती. आधी काशी, मग नेपाळातला मुक्तिनाथ, शेवटी काठमांडूचा पशुपतिनाथ आणि परत येताना जनकपूर, अयोध्या. शकूचं नाव तिच्या मालकांनी, ग्यानबाभाऊंनी, स्वतः जाऊन लिहून दिलं. मला तिनं खूप आग्रह केला. पण गावातल्या महादेवाला रोज पाणी घालायचा माझा नेम सासूबाईंच्या हातून माझ्याकडे आलेला. तो मोडून देव पाहायला जायचं मला काही पटेना.

"तुझा देव तुला बांधून ठेवतो," शकू म्हणाली, "माझा मला फिरवून राहिला. बघ बाई, कोणाचा बरा."

तिच्या भाचीनं, प्रियंकानं, तिला जुना फोन दिला होता आणि मराठीत लिहायचं शिकवलं होतं. शकूची शाळा चौथीपर्यंतची. मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलं नाही. ओठ हलतात आणि आवाजही येतो. पोथी असो की दुकानावरची पाटी, शकू वाचते ते शेजारच्याला ऐकू येतं. नेपाळात गेल्यावर इथलं सिमकार्ड चालेना, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी वायफाय असेल तेवढंच तिचं बोलणं. दिवसभर माझ्या मेसेजला एकच टिक असायची आणि दिवेलागणीला एकदम चार-पाच मेसेज यायचे.

"डोंगर लई उंच. मान दुखली. ढग खाली आन आमी वर."

"आज पुन्हा भात. परदेशात आले का बाळंतपणाला आले तेच कळेना."

"तुझा मेसेज मी साऱ्यांना वाचून दाखवते. हट्ट्याची लखमाबाई म्हणते तुझी मैत्रीण बरी आहे पण लई थोडं बोलती."

या लखमाबाईला मी पाहिलं नव्हतं. हट्ट्याची एक म्हातारी विधवा बाई, बसमध्ये शकूच्या शेजारची सीट तिची, एवढंच मला ठाऊक.

आणि रोज शेवटी एक मेसेज ठरलेला: "जिजी कशी आहे."

जिजी म्हणजे शकूची आई. सिद्धेश्वरला, धरणाच्या अलीकडे, शकूच्या भावाकडे असायची. ऐंशीच्या पुढची, कान गेलेले, पण हात कधी रिकामा नाही. शकूच्या या यात्रेचं मूळच जिजीत होतं. तिनं लाख वातींचा नेम धरला होता. शेतातला कापूस स्वतः निवडायचा, सरकी काढायची, पिंजायचा आणि मांडीवर वात वळायची. दोन पावसाळे ती ओसरीवर बसून वळत होती. वाती पशुपतीला जाळायच्या, असं तिनं मनाशी बोललेलं. स्वतः जाणं होणार नव्हतं, म्हणून लेकीच्या हातानं. "पण मी जिती असताना लागल्या पाहिजेत," असं ती प्रत्येकाला सांगायची. "मेल्यावर कोण कोणाच्या नावानं काय करतं, ते कोणी पाहिलं?" कणकेच्या मोठ्या डब्यात दाबून भरलेल्या त्या वाती शकू मांडीवर घेऊन बसमध्ये चढली होती. त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी दर्शन आणि त्याच दिवशी वाती, असं यात्रेवाल्याशी बोलून तिनं बराबर ठरवून घेतलेलं.

मी दर सोमवारी जीपनं सिद्धेश्वरला जायची. जिजीच्या पायांना तेल लावायची आणि शकूला कळवायची, "जिजी बरी आहे. तुझे डोंगर दाखवले. म्हणाली, थंडी असंल, पोरीनं शाल घेतली का."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, वैकुंठ चतुर्दशीला सकाळी मी दिवा लावून शकूला मेसेज टाकला आणि तांब्या तोंडाला लावणार तेवढ्यात ग्यानबाभाऊ अंगणात येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांना मी कधी बिनटोपीचं पाहिलं नव्हतं.

"वैनी, जिजी गेली," ते म्हणाले. "चहा मागितला म्हणं. भावजय घेऊन येईस्तोवर गेली."

आम्ही सिद्धेश्वरला पोचलो तेव्हा जिजीला न्हाऊ घालून ओसरीत ठेवलं होतं. जिथं बसून वाती वळायची तीच जागा. तोंड शांत होतं. तकलीफ झालेली दिसत नव्हती. दिवस चांगला, मरण चांगलं, असं सगळेच म्हणत होते आणि रडत होते. उन्हं कलायच्या आत पुरुष मंडळी नदीवरून परतली. अंघोळी झाल्या, कडुलिंबाचा पाला चावून झाला आणि मग अंगणात बसल्यावर तो विषय निघाला.

शकूचा भाऊ रविंद्र बोलला. तो शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला होता. "आक्काला कोणी कळवायचं न्हाई. प्रियंका, तू तो स्टेटसला फोटो ठेवला होता ना श्रद्धांजलीचा, तो काढला का?"

"काढला, बाबा," प्रियंका म्हणाली. "आत्याकडं तवा नेट नव्हतं. तिनं पाहिला न्हाई."

"पाहिला असता म्हंजे झालं असतं सारं." तो आमच्याकडे वळला. "दूरदेशीचं सुतक ऐकल्यापासून लागतं. ऐकलंच न्हाई तर सुतक कशाचं? उद्या सकाळी ती देवळाच्या दारात उभी राहील. आज कळलं तर दारातूनच परत यायचं व्हय? आग तर देऊन झाली. येऊन ती काय पाहणार? होऊ द्या तिचं दर्शन. मग मी सांगतो."

कोणी नाही म्हणालं नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे हे चालतंच. देवकार्याला निघालेल्या माणसाच्या कानावर मरण घालत नाहीत.

"आन वाती?" भावजयीनं विचारलं.

"लागतील की. जिजीच्याच नावानं लागतील. तिचीच इच्छा होती."

माझ्या तोंडून निघालं, "पण संकल्प..." माझा आवाज मुळातच लहान. कोणी ऐकला नाही. वाती लावताना गुरुजी नाव विचारतील. शकू जिजीचं नाव सांगेल आणि आयुष्य मागेल, आरोग्य मागेल. जी राख होऊन नदीच्या काठाला पडली आहे तिला शंभर वर्षं मागेल. मी पुन्हा तोंड उघडलं तोवर ग्यानबाभाऊ माझ्याकडे वळले होते.

"वैनी, तिचं बोलणं तुमच्यासंगंच असतं. तुमी तेवढं सांभाळा."

मी खाली पाहिलं. त्यांनी त्याचा होकार धरला.

गावी परत येऊन अंघोळ केली आणि दिवेलागणीला देवळात गेले. दुसऱ्या दिवशी काकड्याची समाप्ती, म्हणून तातेराव पायऱ्यांवर पणत्या मांडत होते. ते पोथी वाचतात, गावाचं सुतक-पातक, मुहूर्त सगळं त्यांच्याच तोंडी. मी त्यांना विचारलं, "तात्या, सुतक ऐकल्यावरच लागतं ना?"

"ऐकल्यावरच. कानावर पडलं की लागलं."

"आन वाचलं तर?"

ते पणती हातात धरून जरा हसले. "बाई, आधीच्या काळी पत्रच यायचं. वाचायचं, फाडून टाकायचं आन डोक्यावरून पाणी घ्यायचं. डोळा काय आन कान काय." मग त्यांच्या लक्षात आलं. "शकुबाईचं विचारून राहिली का तू?"

मी त्यांना वातींचं सांगितलं. संकल्पाचं सांगितलं. ते पणत्या एका ओळीत लावत राहिले.

"गेलेल्या माणसाला आयुष्य मागायचं," शेवटी म्हणाले, "ते बरं न्हाई. देवाला खोटं सांगितल्यासारखं व्हतं. पण मागणारीला न्हाई लागत तो दोष, जिला ठाऊकच न्हाई."

"मग कोणाला लागतो?"

"ते मला विचारू नको. तिच्या घरच्यांनी ठरवलंय. मी न्हाई सांगत तुला सांग म्हणून, आन नको बी म्हणत न्हाई."

देवळाच्या पायरीवरच माझा फोन वाजला. एकामागून एक.

"पोचलो काठमांडूला. बस लई हळू आली."

"उद्या पहाटंच निघायचं. वाती तुपात भिजवून ठेवल्या. सारी खोली तुपाच्या वासानं भरली. लखमाबाई म्हणते शिरा करायचा का."

"प्रयागा तू उद्या सकाळी सिद्धेश्वरला जाशील का. पहिल्या जीपनं. मी वाती लावताना व्हिडीओ कॉल करते. इथं एका दिदीच्या फोनला नेट आहे. जिजीला दाखव. तिला ऐकू येत न्हाई पण दिसंल. तिला म्हणावं तू जिती आहेस आन तुझ्या वाती लागल्या."

आणि शेवटचा, ठरलेला: "जिजी कशी आहे."

गप्प बसणं एवढंच माझ्याकडे मागितलं आहे, असं मी तोपर्यंत समजत होते. आता मला काहीतरी लिहावं लागणार होतं. जीप नव्हती, लिहायचं. किंवा जिजी झोपली आहे. किंवा, बरी आहे. मी "बरी" एवढं लिहिलंही. दोन अक्षरं पडद्यावर दिसली आणि माझा हात थांबला. ती पुसली.

घरी न जाता मी ग्यानबाभाऊंकडे गेले. ते गोठ्यात म्हशीला कडबा टाकत होते. मला पाहून त्यांनी हात झटकले. मी मेसेज वाचून दाखवले. व्हिडीओ कॉलचा वाचला तेव्हा ते खाली बसले.

"काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"तेच विचारायला आले."

"रविंद्र म्हणतो ते खोटं न्हाई, वैनी. त्या दारापाशी पोचायला तिचा सारा जन्म गेला. कधी माहेरच्या पलीकडं गेली का ती? माझ्या घरात काय पाहिलं तिनं? शेण आन भाकरी."

"पण भाऊ, ती जिजीच्याच वाती घेऊन गेली. जिजी जिती असताना लागायच्या होत्या. आता काय मागंल ती?"

त्यांनी म्हशीपुढचा कडबा हातानं सारखा केला. मग म्हणाले, "आमी तुमच्यावर काहून टाकलं, सांगू का? मी सांगितलं, प्रियंकानं सांगितलं, तर तिला शंका येईल. तुमी लिहिलं तर तिला खरं वाटंल. तुमी कधी खोटं बोलत न्हाई, हे तिला ठाऊक आहे."

ते चांगल्या मनानंच बोलले. पण माझ्याजवळ दुसरं काही नाही. विद्या नाही, पैसा नाही. शकूचा माझ्यावर विश्वास आहे, तो मी साऱ्या आयुष्यात बसून जमवलेला. तोच तिला फसवायच्या कामी आणायचा होता.

"मी खरं लिहिते," मी म्हणाले.

मला वाटलं ते अडवतील. ते उठले, कडब्याची पेंढी सोडली आणि पाठमोऱ्यानंच म्हणाले, "मला लिहिता येत असतं तर मी काय लिहिलं असतं, मला बी ठाऊक न्हाई."

आमच्या देवघरापुढे बसून मी लिहिलं. चार-पाच वेळा खोडलं. शेवटी राहिलं ते असं:

"शकू, जिजी आज सकाळी गेली. चहा मागितला आणि गेली. तकलीफ झाली नाही. अग्नी झाला. तुला सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं, तुझं दर्शन चुकू नये म्हणून. मी सांगते आहे, कारण तू उद्या तिला आयुष्य मागशील. वाती दुसऱ्या कोणाच्या हातून लाव आणि सद्गती म्हण. मी इथं आहे."

पाठवला. एक टिक आली. बहुधा ती खोलीत वर गेली होती आणि वायफाय खाली, दारापाशी. मी वाट पाहिली. दुसरी टिक येईना.

पहाटे काकड्याला उठले तेव्हाही एकच टिक होती. म्हणजे निरोप अजून कुठेतरी मध्ये होता. शकूला सुतक नव्हतं. मी बोट दाबून धरलं असतं तर तो सगळ्यांकडूनच पुसला गेला असता, ही सोय प्रियंकानं आम्हाला दोघींना दाखवलेली. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. देवळात टाळ वाजायला लागले होते. शकू आता उठली असेल, अंघोळ करून कोरं लुगडं नेसत असेल. त्या क्षणापुरती ती जगातली सर्वांत सुखी बाई असेल. आई जिवंत, देव दारात. ते मी मोडायला निघाले होते. फोन देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि काकड्याला गेले. मी त्या दिवशी काय म्हटलं, कुठला अभंग झाला, मला आठवत नाही.

परत आले. दिवा लावला. फोन पाहिला. दोन निळ्या टिका होत्या.

उत्तर नव्हतं. मी "दिवा लागला" लिहिलं नाही. तांब्या तसाच ठेवला.

थोड्या वेळानं रविंद्रचा फोन आला. शकूनं त्याला फोन केला होता, मला नाही. "तुमाला कोणी अधिकार दिला?" तो म्हणाला. "आक्का ढसाढसा रडून राहिली. तीच एकटी न्हाई, दुसरीचं बी दर्शन घालवलं तुमी. मोठ्या देवाच्या बाई तुमी!" मी काही बोलायच्या आत त्यानं ठेवला. दुसरी म्हणजे कोण, ते मला कळलं नाही. मला वाटलं तो रागानं काहीही बोलत असेल.

त्यानंतर शकूचा एकही मेसेज आला नाही. मी रोज सकाळी "दिवा लागला" लिहीत राहिले. रात्रीतून कधीतरी टिका निळ्या व्हायच्या. भात नाही, डोंगर नाही, काही नाही. ग्यानबाभाऊ रोज संध्याकाळी कुंपणापाशी यायचे, "आलं का काही?" विचारायचे आणि मी नाही म्हटलं की परत जायचे. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बस दहाव्याच्या आधी आली. शकू हट्ट्याला उतरली आणि तशीच सिद्धेश्वरला गेली. लेकीचं सुतक तीन दिवसांचं, ते वाटेतच फिटलं होतं.

दहाव्याला मी पूर्णेच्या काठावर गेले. रविंद्रनं मान फिरवली. शकू बायांमध्ये बसली होती, उन्हानं काळवंडलेली, गाल आत गेलेले. मला पाहून ती उठली. मला वाटलं दुसरीकडे जाईल. ती माझ्याजवळ येऊन बसली. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत सगळे गप्प होते. ती हळू आवाजात बोलू लागली, नदीकडे पाहत.

"खाली उतरलो साऱ्या. बस दारात. फोन वाजला. मी म्हनलं थांबा गं, प्रयागाचा दिवा लागला का बघते. आन वाचायला लागले."

"मोठ्यानं?"

"मग कसं? मला दुसरं कुठं येतं?" ती पुढे म्हणाली. "'जिजी आज सकाळी गेली.' मला वाटलं कुठं गेली? दवाखान्यात गेली? औंढ्याला गेली? पुढचं वाचत गेले, वाचत गेले, तवा कळलं."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

"देवळात न्हाई गेले. नदीच्या पायऱ्यांवर बसले. तिथं देवळाला लागूनच चिता जळतात, ठाऊक आहे का तुला? कोणाची तरी आई होती. पोरगं लहान न्हाई, चांगलं मिशीवालं, पण लेकरावानी रडत होतं. मी सारं पाहिलं. आग लागेपर्यंत. आपल्याकडं बायांना कुठं जाऊ देतात? मी पहिल्यांदाच पाहिलं." तिनं डोळ्याला पदर लावला. "वाती वसमतच्या बाईनं लावल्या, खालच्या पायरीवर. गुरुजीनं जिजीचं नाव घेतलं आन आधी कैलासवासी म्हटलं. तवा मला खरं वाटलं. तुझं वाचून न्हाई वाटलं."

"तू रागावलीस?"

"व्हय." ती म्हणाली. "दोन-तीन दिस तुझं नाव पाहिलं की फोन फेकावा वाटायचं. मग विचार केला, मी तिला फोनवर जिजी दाखव म्हनलं होतं. तू कोणाला दाखवलं असतंस?" ती जरा सावरून बसली. "माझं जाऊ दे. माझी आई होती. लखमाबाईचं काय?"

"काय लखमाबाईचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला रविंद्रनं सांगितलं न्हाई? लखमाबाई आमच्या भावकीतली निघाली. तिचा सासरा सिद्धेश्वरचा. हट्ट्याला जमिनीसाठी गेलेला. मी वाचलं ते तिनं बी ऐकलं. मला तीन दिवस, तिला दहा. पशुपती गेला, जनकपूर गेलं, अयोध्या गेली. साऱ्या बाया देवळात, आन ती बसमधी. एक शब्द बोलली न्हाई मला."

समोर लोकांत गलबला झाला. कावळा शिवला होता. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पण माझं ध्यान तिथं नव्हतं. मी शकूला लिहिलं होतं. शकू कशी वाचते ते मला चांगलं ठाऊक होतं.

जिजीचं तेरावं झाल्यावर मी हट्ट्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. ओसरीत एक वाळकी म्हातारी हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. पुढ्यात हिरवा ढीग.

"लखमाबाई, मी प्रयागा. शकूची..."

"वळखलं. दिवा लागला, ती तूच ना?" तिनं मान वर केली नाही. "बस. काहून उभी?"

मी बसले. वाटेत जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं विसरले. "तुमी जिजीच्या भावकीतल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले.

"तुला कसं ठाऊक असंल? मला बी लक्षात न्हाई आलं आधी. शकू रोजच जिजी-जिजी करायची, कुठली ते म्या कधी इचारलं न्हाई. 'गेली' वाचलं तवा म्हनलं, गं, कोणती जिजी? सिद्धेश्वरची का? मंग चहाचा कप खाली ठेवला." ती भाजी खुडत राहिली. "निसतं कान झाकले असते तरी चाललं असतं. पण कोण झाकतं सकाळी सकाळी?"

"मी शकूला एकटीला लिहिलं होतं."

"तू लिहितीस एकीला. ती वाचती साऱ्या बसला. देवानंच तसं तोंड दिलं तिला." तिच्या आवाजात हसू होतं की नाही ते मला समजेना.

"तुमचा देव माझ्यामुळं चुकला," मी म्हणाले.

"चुकला," ती म्हणाली. "ते मी खोटं काहून बोलू? आता मी पुन्हा कुठं जाते? पोरानं एकदा पाठवलं, तेच लई झालं. बायांनी परसाद आणून दिला, तो बी मला सुतकात घेता येईना. पदराला बांधून ठेवला आन घरी येऊन खाल्ला. खवट झालता."

थोड्या वेळानं तिचे हात थांबले.

"पण एक सांगते. शकू ती मटकन खाली बसली ना, तवा साऱ्या बाया न्हाऊन, कोरी लुगडी नेसून उभ्या. रडत होत्या साऱ्या. पण पदर आवरून, अशा लांब. शिवलं की पुन्हा अंघोळ, आन बस तर सुरू झालेली. कोणी पुढं येईना. ती आपली एकटी, फरशीवर. आई मेली आन हात लावायला माणूस न्हाई." तिनं नाक पुसलं. "मला काय? मला तर लागलंच होतं. मी गेले आन धरलं तिला. चांगलं दुपारवर धरून बसले त्या पायऱ्यांवर. माझ्या बिगर कोणी धरू शकत नव्हतं."

"पुण्य लागलं का पाप, ते तुमी पोथीवाल्या बाया ठरवा," लखमाबाई म्हणाली आणि पुन्हा भाजी खुडायला लागली. "मला देव पाहायचा होता. आन तिला बी धरायचं होतं. दोन्ही कुठं होतं?"

ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. मी सरकून ढिगाजवळ बसले आणि एक जुडी हातात घेतली. तिनं काही वेळ माझ्या बोटांकडे पाहिलं.

"देठं नको घेऊ," ती म्हणाली. "कोवळं तेवढंच खुड."